‘मोकळी जागा’ म्हणजे नेमकी कुठली?

महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जागा पालिकेकडे आली, तिथे मोठं उद्यान होणार, म्हणून माझ्या ओळखीतले बरेच जण खूश आहेत. झाडं मलाही हवीत. पण मी गिरणगावात, मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागात, वाढलेय. कुणी बागेचं रंगीत चित्र दाखवलं की मी आधी नियमाचा कागद मागते.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकायची किंवा तिथे दुसरं काही उभारायचं, तर तिचे साधारण सारखे तीन वाटे करायचे. एक पालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. उरलेला मालकाचा. सगळ्या गिरण्यांची मिळून जमीन जवळपास 600 एकर. म्हणजे ऐन मुंबईत 200 एकर मोकळी जागा, आणि तेवढीच सामान्यांच्या घरांना!

2001 मध्ये नियम बदलला. वाटे तीनच राहिले, पण आता ते फक्त आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. शेड पाडून जी जमीन रिकामी होईल, ती वाटणीत धरायचीच नाही. ज्यांनी गिरणी आतून पाहिलीय त्यांना विचारा, तिथे मोकळं असं काय असायचं? मागांचं साचेखातं, गोदामं, बॉयलर, सगळं एकमेकांना खेटून. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकारचा हा अर्थ नाकारला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली, आणि विषय संपला.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. 1996 मध्येच चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा दिला होता. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांलगत माणसांना वावरायला ऐसपैस जागा असावी, असं त्यात होतं. ते झालं नाही. प्रत्येक गिरणीचा तुकडा वेगळा विकला गेला, टॉवर आले, ऑफिसं आली, रोज लाखो माणसं त्याच जुन्या अरुंद जिन्यांवरून उतरत राहिली. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर 23 जण चेंगरून गेले. त्या सकाळी पाऊस होता, अफवा होती, हे सगळं खरं. पण जागाही नव्हती.

म्हणून रेसकोर्सबद्दल, आणि उद्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनी खुल्या झाल्या तर त्यांच्याबद्दलही, आपण आत्ताच विचारायला हवं. ‘मोकळी’ची व्याख्या कुठे लिहिलीय? पार्किंगच्या छतावर टाकलेली माती बागेत मोजणार का? नंतर एका अधिसूचनेने हे बदलता येईल का? हरकती-सूचनांची मुदत असते तेव्हाच लिहून द्या. मुदत गेल्यावर आपण फक्त फोटो शेअर करतो.

बाबा 1982 च्या संपापर्यंत साचेखात्यात होते. गिरणी कामगारांसाठीच्या घराचा अर्ज भरून किती वर्षं झाली ते आता आम्ही मोजत नाही. मध्यंतरी कामगारांना शेलू-वांगणीला घरं देण्याची गोष्ट निघाली. बाबांनी नकाशावर शेलू कुठे ते दाखवायला सांगितलं. कर्जतच्या अलीकडे, मी बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “इथून केईएमला औषधं आणायला कसा येऊ गं?”