पोटाचा घेर आणि इन्सुलिनवर फोडलेले खापर

माझी मोठी बहीण कराडला राहते. ती 54 वर्षांची आहे, तिला 12 वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली तीन वर्षे ती गोळ्यांबरोबर रात्रीचे इन्सुलिनही घेते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिने ते इन्सुलिन सलग चार रात्री घेतले नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिला उभे राहवेना, घसा कोरडा पडला होता, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागले होते आणि घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा आला 386. भाचीने कारण विचारले तेव्हा ताईने मोबाईल पुढे केला. भिशीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक लांबलचक संदेश तिने जपून ठेवला होता. तोच संदेश त्या महिन्यात मला तीन नातेवाइकांकडून आला होता आणि मी तो न वाचताच पुढे सरकलो होतो, याची मला खंत आहे. म्हणून आता त्यातला प्रत्येक मुद्दा घेऊन उत्तर देत आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पोट सुटते ते खाण्यामुळे नव्हे, हार्मोनमुळे. त्यातले मुख्य हार्मोन इन्सुलिन, कारण ते ‘चरबी साठवणारे’ आहे, म्हणून मधुमेहाची सुई आणि गोळ्या घेणाऱ्यांचे पोट कधीच उतरत नाही आणि ही औषधे हळूहळू सोडून द्यावीत. तूप आणि खोबरेल तेल इन्सुलिन वाढवत नाहीत, तेव्हा ते हवे तेवढे खावे. पोटाच्या आकारावरून ‘थायरॉईडचे पोट’, ‘तणावाचे पोट’ आणि ‘रजोनिवृत्तीचे पोट’ घरबसल्या ओळखता येते. गहू बंद करून ज्वारी-बाजरी खावी. आणि 21 दिवस सकाळी अनशापोटी ओवा, जिरे, लिंबू व मध घातलेले कोमट पाणी प्यायल्यास सर्व हार्मोन पूर्ववत होतात.

इन्सुलिनपासूनच सुरुवात करतो, कारण माणूस दगावू शकेल असा मुद्दा हाच आहे. इन्सुलिनमुळे पेशींमध्ये चरबी साठते आणि ते वाढलेले असताना साठलेली चरबी सहजासहजी बाहेर पडत नाही, हे शरीरशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. परंतु जेवणानंतर वाढलेले इन्सुलिन दोन जेवणांच्या मधल्या वेळेत आणि रात्री खाली येते व त्या काळात तीच चरबी इंधन म्हणून वापरली जाते, त्यामुळे दिवसाअखेर साठा वाढला की घटला हे आपण एकूण किती खाल्ले आणि किती खर्च केले यावर ठरते. संदेश लिहिणाऱ्याने साठवणुकीची बाजू सांगितली आणि वापराची बाजू गाळली.

इन्सुलिन अजिबात नसले तर काय होते, हे जगाने पाहिलेले आहे. 1922 सालापूर्वी ज्या मुलांना पहिल्या प्रकारचा मधुमेह होई त्यांच्या अंगावरची चरबी खरोखरच नाहीशी होत असे. ती मुले हाडांचा सापळा होत आणि काही महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत जात. चरबीला धरून ठेवणारे इन्सुलिनच नसल्यामुळे ती अनिर्बंध वितळते, यकृतात तिचे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ होतात आणि रक्त आम्लधर्मी होते. जानेवारी 1922 मध्ये टोरोंटोत लेनर्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि त्यानंतर अशा मुलांच्या अंगावर पुन्हा मांस चढू लागले. ज्या चरबीचा हा संदेश एवढा राग करतो, ती त्या मुलांच्या अंगावर परत येणे हीच त्यांच्या जगण्याची खूण होती.

ताईचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणजे तिच्या शरीरात थोडे इन्सुलिन तयार होते. त्यामुळे ती त्या टोकाला गेली नाही. पण तिच्या बाबतीत जे झाले ते अधिक फसवे होते. “अगं, चार दिवसांत दीड किलो उतरलं होतं,” असे ती भाचीला सांगत होती आणि तिला तो संदेशाच्या खरेपणाचा पुरावा वाटला होता. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी अडवून धरता येत नाही, ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. काट्यावर कमी दिसलेला दीड किलो हा बहुतांशी पाण्याचा होता. पोटाच्या चरबीला त्या चार दिवसांत धक्काही लागला नसेल. हेच आणखी दोन आठवडे चालले असते तर शरीराने इंधनासाठी स्नायू झिजवले असते आणि तेही वजन ‘उतरले’ म्हणून मोजले गेले असते.

यात एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. इन्सुलिन सुरू केल्यावर, तसेच ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांनी, अनेकांचे वजन दोन-चार किलोंनी वाढते. लघवीवाटे वाया जाणारी साखर अंगी लागू लागते, शिवाय साखर एकदम उतरेल या भीतीने लोक मधूनमधून खात राहतात. ही तक्रार खरी आहे आणि डॉक्टरांनी ती मनावर घेतली पाहिजे. मात्र तिच्यावरचा उपाय डोस तपासणे किंवा औषध बदलणे हा आहे आणि वजन न वाढवणारी, उलट घटवणारी औषधे आज उपलब्ध आहेत. त्यातले सेमाग्लुटाइड हे औषध तर जेवणानंतर स्वादुपिंडाकडून अधिक इन्सुलिन सोडवून घेते आणि तरीही वजन उतरवते, कारण त्याने भूक कमी होते. इन्सुलिन वाढले की पोट वाढलेच पाहिजे, हा नियम खरा असता तर या औषधाने लोक फुगले असते.

इन्सुलिनचा हा सिद्धांत तपासून पाहण्यासाठी केलेला एक प्रयोग इतका नेमका आहे की बाकी काही सांगितले नाही तरी चालावे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने 609 प्रौढांना दोन गटांत विभागून बारा महिने पाहिले आणि 2018 च्या फेब्रुवारीत निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापले. यातल्या कुणालाही मधुमेह नव्हता. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदके कमी केली, आणि दोन्ही गटांना साखर व मैदा टाळून भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते. सुरुवातीलाच प्रत्येकाला ग्लुकोज पाजून अर्ध्या तासाने रक्तात किती इन्सुलिन येते हे मोजले होते. संदेशाचा सिद्धांत बरोबर असता तर ज्यांचे इन्सुलिन जोरात उसळते त्यांना कर्बोदके कमी केल्याचा विशेष फायदा दिसायला हवा होता. तसा तो दिसला नाही. वर्षाअखेर एका गटाचे सरासरी वजन 5.3 किलोंनी आणि दुसऱ्याचे 6 किलोंनी उतरले, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता आणि कुणाला कोणता आहार मानवेल हे इन्सुलिनच्या मोजमापावरून सांगता आले नाही. प्रत्येक गटातल्या माणसामाणसांत मात्र प्रचंड तफावत होती. कुणी वीस किलोंहून अधिक उतरवले, तर कुणाचे वजन उलट वाढले.

तुपाचा मुद्दा यातूनच निकाली निघतो. मोठा चमचाभर तूप म्हणजे सुमारे 120 कॅलरी. दिवसाला असे तीन चमचे वाढवले तर अडीच-तीन पोळ्यांइतकी भर पडते आणि खाल्लेला स्निग्धांश साठवण्यासाठी शरीराला इन्सुलिनची लाट लागत नाही, रक्तात कायम असते तेवढे पुरते. वरणभातावर तुपाची धार जरूर घ्यावी, पण ‘हवे तेवढे’ हा सल्ला आहार म्हणून घातक आहे.

पोटाच्या आकारावरून हार्मोन ओळखण्याच्या चित्रांना कोणताही आधार नाही. थायरॉईड मंदावल्याने वाढणारे वजन सहसा दोन ते पाच किलोंच्या आत असते, त्यात पाणी आणि क्षारांचा वाटा मोठा असतो आणि ते एकट्या पोटावर चढत नाही. निदान रक्ताच्या तपासणीने होते, आरशात पाहून होत नाही. कॉर्टिसॉल हे तणावाचे हार्मोन खरोखरच फार वाढण्याचा कुशिंग नावाचा आजार आहे, आणि त्यात पोट सुटण्याबरोबर हातपाय बारीक होतात, चेहरा गोल होतो, कातडीवर रुंद जांभळट चरे उमटतात, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही. हा आजार आपोआप होणे दुर्मीळ आहे, पण गुडघेदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आणि काय मिसळले आहे याचा पत्ता नसलेल्या पुड्यांनी तो होतो. ज्यांच्या घरी अशी पुडी चालू आहे त्यांनी ती डॉक्टरांना नेऊन दाखवावी आणि स्वतःहून एकदम बंद करू नये, कारण एकदम बंद करणेही जिवावर बेतते. रोजच्या तणावाने पोट वाढते ते बहुधा अपुऱ्या झोपेच्या आणि अवेळी खाण्याच्या वाटेने.

रजोनिवृत्तीबद्दल संदेश जे सांगतो त्यात तथ्य आहे आणि बायका ते अनुभवाने जाणतातच. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटल्यावर पूर्वी मांड्या आणि नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे, त्यातही आतल्या अवयवांभोवती साठू लागते. पीसीओएसमध्येही, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या बीजकोशांच्या विकारातही, हार्मोनचा आणि पोटाचा असाच संबंध असतो. चरबी कुठे साठावी यावर हार्मोनचा मोठा हात असतो, हे मी मान्य करतो. किती साठावी हे मात्र ताटावर आणि हालचालीवर पुष्कळसे अवलंबून राहते, आणि चाळिशीनंतर स्नायू कमी होत जात असल्याने तेच ताट पूर्वीपेक्षा जास्त ठरते.

शिवाय आपल्याकडे पोटाची गोष्ट जन्माआधीच सुरू होते आणि तिचा अभ्यास पुण्यात झाला आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळे सरासरी 2.7 किलोंची होती, तिथली 3.5 किलोंची, पण आपल्या बाळांचे स्नायू कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी शेजारीशेजारी उभे राहून काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंटिमीटर इतकी कमी धरतात. ज्यांचे पोट सुटले त्यांना खादाड म्हणून हिणवणे किती अन्यायाचे आहे, हेही यातून दिसते. ‘तुमचा दोष नाही’ असे म्हणणारा संदेश बायकांना जवळचा वाटतो तो यामुळेच, आणि त्या आपुलकीचाच इथे गैरफायदा घेतला गेला आहे.

गहू सोडण्याविषयी फार लिहीत नाही. भाकरी उत्तम आहे. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरातल्या प्रौढांच्या आहाराचा जो अभ्यास केला, त्यानुसार आपल्या जेवणातल्या सुमारे 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, आणि एकूण प्रमाण तेवढेच ठेवून नुसते धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या घेण्यापेक्षा एकीच्या जागी वाटीभर उसळ, घट्ट वरण किंवा दही घेणे अधिक उपयोगाचे आहे. कर्बोदके कमी करा, एवढाच संदेश असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

ओव्या-जिऱ्याचे पाणी साखरेच्या चहाऐवजी घेत असाल तर खुशाल घ्या. त्याने कोणतेही हार्मोन पूर्ववत होत नाही.

ताईचे इन्सुलिन डॉक्टरांनी त्याच दिवशी पुन्हा सुरू केले आणि तीन दिवसांत उपाशीपोटीची साखर 150 च्या खाली आली. उतरलेला दीड किलो आठवड्याभरात परत आला. आता ती साखरेच्या नोंदींची वही ठेवते आणि पुढच्या भेटीत वजन न वाढवणारे औषध आपल्याला चालेल का, हे विचारणार आहे. भिशीच्या गटावर हा संदेश ज्यांनी टाकला त्यांच्या आईही इन्सुलिनवर आहेत, असे ताईने काल बोलता बोलता सांगितले. त्यांचा नंबर मी मागून घेतला आहे आणि आज संध्याकाळी त्यांना फोन करणार आहे.