कॅमेऱ्यासमोरचा चित्रकार: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय वाचक,

चित्रकारांवरील माहितीपटांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे मला समजले ते असे: कॅमेरा समोर असला की चित्रकार चित्र काढत नाही, चित्र काढण्याचा अभिनय करतो, आणि असे माहितीपट त्या अभिनयालाच निर्मिती म्हणून आपल्यापुढे ठेवतात, बिनोदबिहारी मुखर्जी या दृष्टी गमावलेल्या चित्रकारावरील सत्यजित राय यांच्या 'द इनर आय' या लघुपटामध्ये गुरुभक्ती आणि अंधत्वाविषयीची करुणा यांपलीकडे काही नाही, शिवाय पिकासोवरील चित्रपटाबाबत मी तपशिलाची चूक केली आहे.

चूक झाली आहे, हे आधी मान्य करतो. फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो यांच्या 1956 च्या 'ल मिस्तेर पिकासो'मध्ये पिकासो काचेवर रंगवतो, असे मी लिहिले होते. तो पारदर्शक पृष्ठावर रंगवताना दिसतो तो बेल्जियन दिग्दर्शक पॉल हेसर्त्स यांच्या 1949 मधील लघुपटात. क्लूझो यांनी शाई आरपार झिरपेल असा पातळ कागद ताणून बसवला आणि कॅमेरा त्याच्या मागच्या बाजूला ठेवला. मात्र ही दुरुस्ती केल्यावर आपला मुख्य आक्षेप बळकट न होता उलट सैल होतो, असे मला वाटते. हेसर्त्स यांच्या लघुपटात रेषेबरोबर पिकासोही दिसतो, त्याची ती प्रसिद्ध नजर दिसते, आणि तेथे अभिनयाची शंका घेणे रास्त आहे. क्लूझो यांच्या चित्रपटातील बऱ्याच भागात ना हात दिसतो, ना कुंचला. पांढऱ्या पडद्यावर केवळ रेषा उमटत जाते. अभिनय करायला तेथे माणूसच नाही.

तैलरंगांसाठी ही युक्ती चालत नाही, म्हणून पुढे पुढे चित्राचा एकेक टप्पा झाला की थांबून समोरून चित्रीकरण केले आहे. त्यामुळे कित्येक तासांचे काम पडद्यावर काही मिनिटांत उरकते, आणि पाहणाऱ्याला पिकासो म्हणजे जादूगार वाटू लागतो. ही लबाडी आहे, असे आपण म्हणाल. ती लबाडी ठरली असती, जर चित्रपटाने ती लपवली असती. पण एवढ्याशा वेळात चित्र झाले असे प्रेक्षकांना वाटेल, ही गोष्ट चित्रपटातच बोलून दाखवलेली आहे. रीळ संपत आले असताना क्लूझो उरलेली लांबी मोजत राहतात आणि पिकासो घाईने रंगवत जातो, तो प्रसंग तर उघड उघड खेळ आहे. तरीही त्या खेळात फुलांचा मासा होतो, माशाची कोंबडी होते आणि कोंबडीच्या जागी शेवटी एक चेहरा येतो, तेव्हा आधीची रेषा हीच पुढच्या चित्राचा कच्चा माल कशी होते हे डोळ्यांदेखत कळते. संग्रहालयात टांगलेल्या चित्रात ही मधली सगळी चित्रे गाडली गेलेली असतात. ती पाहण्याची दुसरी सोय मला तरी ठाऊक नाही.

आपल्या बाजूचे खरे भक्कम उदाहरण आपण दिलेच नाही, म्हणून मीच देतो. 1950 च्या शरद ऋतूत छायाचित्रकार हान्स नामुथ यांनी अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचे चित्रीकरण केले. लाँग आयलंडच्या थंडीत त्याला घराबाहेर काम करायला लावले, काचेवर रंग ओतायला लावले आणि कॅमेरा काचेखाली ठेवला. सुमारे दोन वर्षे दारूपासून दूर राहिलेला पोलॉक चित्रीकरण संपल्यावर त्याच संध्याकाळी पुन्हा प्यायला लागला आणि त्याने जेवणाचे टेबल उलथून टाकले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारणे सोपे असले तरी मला पुरेसे वाटत नाही. पण 'सांगितल्याबरहुकूम रंगवणे' एखाद्याला किती जड जाते, हे येथे दिसते, आणि एवढ्यापुरता मी आपल्याशी सहमत आहे.

'द इनर आय'बद्दल मात्र नाही. राय 1940 ते 1942 या काळात शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकत होते आणि बिनोदबिहारी मुखर्जी त्यांचे शिक्षक होते. 1972 च्या या लघुपटात जिव्हाळा आहे, यात शंका नाही. पण करुणा? बिनोदबिहारींची दृष्टी जन्मापासूनच अधू होती: एक डोळा निकामी, दुसऱ्याने फक्त जवळचे दिसे. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण अंधत्व आले ते पुढे, पन्नाशी उलटल्यावर. त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, 1946-47 मध्ये, त्यांनी शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र केले, तेही ओल्या गिलाव्यावर आणि पूर्ण आराखडा आधी न काढता. (त्या संतांत सूरदासही आहेत, योगायोग म्हणून सोडून देऊ.) ती भिंत त्यांना दुरून एका नजरेत कितपत मावत असेल? राय यांचा कॅमेरा त्या भिंतीवरून सावकाश सरकतो, तेव्हा ती जशी रंगवली गेली तशीच, हातभर अंतरावरून, आपण पाहतो. यात कीव कुठे आहे? दृष्टी गेल्यावरही ते काम करताना दिसतात, आणि फरशीच्या तुकड्यांचे त्यांचे भित्तिचित्र आजही कलाभवनाच्या भिंतीवर आहे.

ज्यात अभिनय नाही असा एक तरी माहितीपट दाखवा, असे आपण शेवटी लिहिले आहे. असा मी दाखवू शकत नाही. स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्टर एरिसे यांच्या 'एल सोल देल मेंब्रिल्यो'कडे (1992) मात्र लक्ष वेधतो. चित्रकार आंतोनियो लोपेस माद्रिदमधील आपल्या अंगणातील एका फळझाडासमोर उभा राहतो, पावले रोज त्याच जागी पडावीत म्हणून जमिनीत खिळे ठोकतो, ओळंबा सोडतो, फळे वजनाने किती खाली आली ते कळावे म्हणून फळांवर आणि पानांवर पांढऱ्या खुणा करतो. पावसामुळे तैलचित्र सोडावे लागते. मग रेखाटन हाती घेतले जाते, आणि फळे गळू लागल्यावर तेही अपुरे राहते. शेवटी रात्री झाडाखाली कुजत चाललेल्या फळांसमोर चित्रकार नसतो. तेथे तिवईवर एरिसे यांचा कॅमेरा उभा असतो, कृत्रिम प्रकाशासकट, आणि तो आपल्याला दाखवलेला आहे.

मूळ लेखातील काचेविषयीचे वाक्य आज दुरुस्त केले. 'द इनर आय'ला वापरलेले 'संयत' हे विशेषण मात्र तसेच ठेवले आहे.