ससा उचलू देत नाही, यात त्याचा दोष नाही

पाळीव सशाबद्दलचा एक सल्ला गेली काही वर्षे हातोहात पुढे जातो आहे. तो थोडक्यात असा: ससा उचलल्यावर धडपडतो, कारण त्याला सवय नसते, म्हणून रोज पंधरा मिनिटे त्याला घट्ट धरून बसावे. तो धडपडला तरी सोडू नये, कारण धडपडले की सुटका होते हे तो शिकतो. मानगुटीला धरल्याने त्याला त्रास होत नाही, कारण त्याची आईही त्याला तसेच उचलत असे. उताणा निजवला की तो शांत होतो आणि ही शांतता विश्वासाची खूण असते. एवढे करूनही जो मांडीवर बसत नाही, तो ससा माणसाळलेलाच नाही. हा सल्ला पाळणारी माणसे निर्दय नसतात. आपल्या सशावर त्यांचे मनापासून प्रेम असते आणि ते प्रेम त्याला जवळ घेऊन दाखवावे एवढीच त्यांची इच्छा असते. म्हणूनच या सल्ल्यातला एकेक मुद्दा नीट तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सवयीचा. कुत्रा आणि मांजर हे मुळात शिकारी प्राणी आहेत, तर ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या आणि धोका दिसताच त्या बिळाकडे धाव घेणाऱ्या या जनावराचे पाय जमिनीपासून सुटण्याचा प्रसंग त्याच्या पूर्वजांच्या आयुष्यात जवळजवळ एकाच वेळी येत असे: घारीच्या नख्यांत किंवा कोल्ह्याच्या जबड्यात सापडल्यावर. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मागचे आणि वरचेही बरेच दिसते. मात्र नाकाच्या अगदी पुढचा आणि हनुवटीखालचा भाग त्याला दिसत नाही. आपण उभ्याने वाकून वरून हात घालतो, तेव्हा झडप घालणाऱ्या पक्ष्याची सावली आणि आपला हात यांत त्याने फरक करावा अशी अपेक्षा आपण धरतो. जिवाच्या आकांताने होणाऱ्या पळापळीला मराठीने ससेहोलपट हा शब्द दिला आहे. तो आपण माणसांच्या हालांसाठी सहज वापरतो, पण ज्याच्यावरून तो आला त्या प्राण्याची भीती मात्र आपल्याला हट्ट वाटते.

माणसाच्या स्पर्शाची सवय सशाला लागतच नाही, असे माझे म्हणणे नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, विशेषतः दूध पिण्याच्या वेळेच्या आसपास, ज्या पिल्लांना हळुवारपणे हाताळले जाते, ती पुढे माणसाला कमी घाबरतात हे अभ्यासांतून दिसले आहे. पण माणसाला न घाबरणे वेगळे आणि हवेत उचलले जाणे आवडणे वेगळे. शिवाय, घरी आलेला ससा बहुतेकदा ते दिवस कधीच मागे टाकून आलेला असतो. मोठ्या सशाला रोज पंधरा मिनिटे जबरीने धरून ठेवले, तर काही दिवसांनी तो धडपडायचा थांबेलही. परंतु सुटकेचा कोणताही उपाय चालत नाही हे कळलेला प्राणीही असाच थांबतो. अशा सशाकडे जवळून पाहिले, तर कान पाठीला घट्ट चिकटलेले, डोळे बाहेर आल्यासारखे ताणलेले आणि त्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणारा, श्वास उथळ आणि भरभर, असे चित्र दिसते. स्वस्थ बसलेल्या सशाचे अंग सैल असते, कान निवांत असतात, नाक संथपणे हलत असते आणि कधीकधी तो दात अगदी हलके घासतो. हा फरक डोळ्यांना एकदा कळला की पुन्हा चुकत नाही.

दुसरा मुद्दा, धडपडला तरी न सोडण्याचा. यात तथ्याचा एक अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे: लाथा मारल्यावर सुटका होते हे ससा खरोखरच शिकतो. परंतु त्यावर काढलेला उपाय सर्वांत धोकादायक आहे. सशाचा सांगाडा फार हलका असतो. त्याचे वजन शरीराच्या सुमारे 7 ते 8 टक्के भरते, तर मांजरात हेच प्रमाण 12 ते 13 टक्क्यांच्या आसपास असते. या नाजूक हाडांना जोडलेले मागच्या पायांचे स्नायू मात्र एका झेपेत लांब उडी घेता येईल इतके बळकट असतात. मागचा भाग आधाराविना लोंबकळत असताना किंवा पुढचे अंग आवळून धरलेले असताना त्याने जोरात लाथ झाडली, तर त्या जोराने त्याच्याच कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. पशुवैद्यांना ही इजा चांगली परिचयाची आहे. छाती आवळून धरण्यातही धोका आहे, कारण तिला हलायला वाव राहिला नाही तर त्याला श्वास पुरेसा घेता येत नाही. धडपडणाऱ्या सशाला आवळू नये आणि उंचावरून उडीही मारू देऊ नये. त्याला अंगाशी धरून आपण चटकन खाली बसावे आणि तो जमिनीवर उतरेपर्यंत त्याच्या मागच्या भागाला हात लावून ठेवावा. लाथ मारून सुटायची शिकवण मिळू नये असे वाटत असेल, तर झटापट सुरूच होऊ न देणे हा त्यावरचा उपाय आहे.

मानगुटीचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. मांजर पिल्लांना तोंडात धरून हलवते; सशाची मादी तसे करत नाही. ती साधारणपणे दिवसातून एकदा, तेही काही मिनिटे, पिल्लांना पाजायला घरट्यात येते आणि एरवी घरट्यापासून दूर राहते. आईच्या तोंडी लोंबकळण्याची आठवण सशाला असण्याचे कारणच नाही. कान धरून उचलणे तर याहून वाईट. सशाच्या कानांतून रक्तवाहिन्यांचे दाट जाळे गेलेले असते, शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचे कामही तेच करतात, आणि त्यांवर सगळ्या देहाचा भार टाकणे ही सरळसरळ इजा आहे.

उताणे निजवण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्या दृश्याने सर्वांत जास्त माणसे फसतात आणि एके काळी मीही फसलो होतो. सशाला पाठीवर घेतले, पोटावरून हात फिरवला, आणि अर्ध्या मिनिटात तो पंजे छातीशी घेऊन निपचित पडला. त्याला माझ्या मांडीवर झोप लागली असे मला वाटले होते. त्याचे डोळे उघडे होते, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. ही अवस्था झोपेची नसते. शिकाऱ्याच्या तावडीत पूर्ण सापडल्यावर, पळणे आणि झुंजणे दोन्ही संपल्यावर, शरीर जे शेवटचे साधन वापरते ते हे: मेल्यासारखे पडून राहणे, म्हणजे शिकाऱ्याची पकड कधी सैल झालीच तर निसटता येईल. या स्थितीत सशांच्या शरीरात ताणाची लक्षणे वाढलेली आढळली आहेत आणि सोडल्यानंतर ते अधिक लपून राहतात असेही दिसले आहे. बाहेरून शांत दिसणारा तो ससा आतून त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या भीतीतून जात असतो. अशी भीती वाटलेल्या सशाचे खाणे मंदावू शकते, आणि सशाचे आतडे सतत चालत राहणे त्याच्या जिवासाठी अत्यावश्यक असते. खाणे सोडलेला ससा दिवसभर तसाच राहिला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

राहिला माणसाळण्याचा प्रश्न. सशाचा लळा जमिनीवर दिसतो. आपण फरशीवर बसलो की तो येऊन पायाला नाक लावतो, आपल्याभोवती गोल फेऱ्या मारतो, हनुवटी घासून आपल्यावर आपला वास ठेवतो. आपल्या शेजारी तो धपकन कुशीवर आडवा पडतो. पळायला वेळ लागेल अशी ही स्थिती त्याने आपणहून घेतलेली असते. डोके खाली टेकवून तो आपल्या हातापुढे करतो तेव्हा कपाळावरून हात फिरवून घेण्याची ती मागणी असते, आणि ससे एकमेकांकडेही ती अशीच करतात. कधी तो मनगट चाटतो. हे सगळे करणाऱ्या सशाला केवळ मांडीवर बसत नाही म्हणून माणूसघाणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र पूर्वी उचलू देणारा ससा एकाएकी नकार देऊ लागला, तर त्याला स्वभाव समजू नये. सांधेदुखी, तळपायाच्या जखमा किंवा दातांचा त्रास ससे बराच काळ लपवतात, त्यामुळे अशा वेळी पशुवैद्याला दाखवणेच योग्य.

दवाखान्यात नेण्यासाठी किंवा संकटाच्या वेळी ससा उचलावा लागतोच, हे खरे आहे. नेण्याची पेटी एरवीही उघडी ठेवून तिच्यात गवत घातले, तर तो बहुतेकदा स्वतःच आत जातो. नखे कापताना त्याला जमिनीवरच टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळता येते. उचलणे अटळच असेल, तर गुडघे टेकून बसावे, आधी डोक्यावरून हात फिरवून आपण आहोत हे त्याला कळू द्यावे, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली घालून चारही पाय आपल्या अंगाला टेकतील असे त्याला धरावे. पिंजऱ्यात ठेवताना त्याचा मागचा भाग आधी आत न्यावा. तोंड आत करून ठेवले तर जमीन दिसताच तो झेप घेतो आणि ती लाथ आपल्या हातावर किंवा त्याच्याच कमरेवर येते.