माकडतापाच्या लशीचं गिऱ्हाईक कोण?

दोडामार्ग, बांदा, सत्तरी या सिंधुदुर्ग-गोव्याच्या पट्ट्यात माकडतापाची (केएफडी, गोचिडीतून होणारा विषाणूजन्य ताप) जुनी लस २०२२ मध्ये बंद झाली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग पाच वर्षं दरवर्षी एक. एवढं करूनही संरक्षण अपुरंच, कारण लशीची पोटन्सीच, म्हणजे परिणाम करण्याची ताकदच, घसरली होती. नव्या लशीवर काम चालू आहे. चर्चा मात्र सगळी प्रयोगशाळेची. खरेदीच्या कराराबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि माझ्या मते घोडं तिथंच अडणार आहे.

या लशीला बाजार नाही. गिऱ्हाईक एकच, सरकार. ते पैसे कधी आणि कशावर देतं, हेच इथलं धोरण.

अमेरिका हा धडा महागात शिकली. जैविक हल्ल्यांवरच्या लशी-औषधांच्या खरेदीसाठी २००४ च्या प्रोजेक्ट बायोशील्ड कायद्याने दहा वर्षांसाठी ५.६ अब्ज डॉलर ठेवले. पहिला मोठा करार व्हॅक्सजेन या छोट्या कंपनीशी झाला: अँथ्रॅक्स लशीचे ७.५ कोटी डोस, ८७.७५ कोटी डॉलर. अट अशी की माल पोचला की पैसे. लस साठवणीत टिकेना, एफडीए या औषध नियामकाने चाचणी रोखली आणि डिसेंबर २००६ मध्ये करार रद्द. स्थिरतेचा दोष विकासाच्या टप्प्यात सापडायचा, तो खरेदी ठरल्यावर सापडला. संशोधन आणि खरेदी यांच्या मधल्या खड्ड्यासाठी पैसाच नव्हता. त्याच महिन्यात नवा कायदा आला, अशा लशी-औषधांच्या विकासाला पैसा देणारी बार्डा ही सरकारी संस्था उभी राहिली आणि टप्प्याटप्प्याने रक्कम द्यायची सोय झाली: एका टप्प्याला कराराच्या ५ टक्क्यांपर्यंत, एकूण ५० टक्क्यांपर्यंत.

आपल्याकडे? जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राच्या सरकारी खर्चाच्या नियमावलीचा, नियम १७२ बघा. पैसे साधारणपणे माल मिळाल्यावरच. खाजगी कंपनीला आगाऊ फार तर ३० टक्के, तेही बहुधा बँक गॅरंटीवर. छोट्या बायोटेक कंपनीचं भांडवल त्या गॅरंटीतच अडकतं. मर्यादा शिथिल करता येते, पण ऑडिटच्या धास्तीने सही कोण करणार? कोविडमध्ये ती झाली. एप्रिल २०२१ च्या शेवटी सीरमला ११ कोटी डोससाठी १७३२.५० कोटी रुपये, शंभर टक्के आगाऊ. तोवर दुसरी लाट अंगावर आली होती. कोव्हॅक्सिनच्या एका बॅचला सुरुवातीपासून बाहेर पडेपर्यंत सुमारे १२० दिवस लागतात, असं भारत बायोटेकनेच सांगितलं होतं. एप्रिलच्या पैशाने मे महिन्यात डोस येत नाहीत.

माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. लस दोन डोसांची असेल तर दुसरा डोस नोव्हेंबरात संपायला हवा, म्हणजे पहिला ऑक्टोबरात आणि ऑर्डर त्याच्या कितीतरी आधी. जानेवारीत निघालेला जीआर त्या हंगामाला कुचकामी. त्यातही कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, गोवा, महाराष्ट्र यांनी वेगवेगळी टेंडरं काढली तर प्रत्येकाची मागणी इतकी चिमूटभर, की त्यासाठी कुणी फिलिंग लाइन (कुप्या भरायची यंत्रणा) मोकळी ठेवणार नाही. पाच राज्यांची मिळून केंद्राने एकच ऑर्डर द्यावी, निदान पाच वर्षांच्या खरेदीच्या हमीसह. पोटन्सीची चाचणी प्रमाणित झाली, हप्ता. लागोपाठ तीन बॅच सारख्या निघाल्या, हप्ता. २ ते ८ अंशांत लस ठरल्या मुदतीपर्यंत टिकली, हप्ता. आणि एल-वन, म्हणजे सर्वांत स्वस्त तो पात्र, हा निकष इथे लावूच नये. बनवणारा एकच असताना स्वस्त कुणापेक्षा?