तिकिटापुरता तरणाताठा

लोणारला जायचं बायकोनं ठरवलं. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, त्याचा फोटो तिला कुणीतरी आत्ता पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर शिळं असं काही नसतंच.

मेहकरच्या स्टँडवर गाडी लागत होती, तोवर तिनं खिडकीतून पिशवी फेकून दोन जागा धरल्यासुद्धा. मी दाराशी "आधी उतरू द्या हो" म्हणत सगळ्यात शेवटी चढलो. झेडपीच्या शाळेत पोरांना रांगेत उभं करण्यात जन्म गेला, त्याचे हे भोग.

कंडक्टर आला. बायकोचं अर्धं तिकीट फाडलं; मार्च 2023 पासून बायांना अर्धंच लागतं, वय कोण विचारतो! मग माझ्या टकलाकडे पाहून म्हणाला, "काका, आधार दाखवा."

"एकसष्ट चालू आहे."

"मंग पुरं लागते जी." तरी जाता जाता पुन्हा टकलाकडे पाहिलंच त्यानं.

म्हणजे बघा, अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारनं हाती नारळ दिला आणि अर्ध्या तिकिटाचं म्हातारपण सुरू होतं पासष्टाला. मधली सात वर्षं मी कोण?

"द्या नं जी पैसे. तरणेताठे तं आहा," बायको खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

लोणारच्या काठावर उभी राहून तिनं पहिला प्रश्न केला, "कुठी आहे गुलाबी?" पाणी हिरवंगार. खारटपणा वाढला की त्यात रंगाचे सूक्ष्मजीव माजतात, असं मी मास्तरकीच्या सुरात सुरू केलं. तोवर ती गाइडकडे सरकली होती. तो सांगत होता, उल्का आदळून बेसाल्टात खड्डा पडला, आडवा जवळपास 1.8 किलोमीटर. वय म्हणाल तर एका तपासणीत बावन्न हजार वर्षं निघालं, दुसरीत पाच लाख सत्तर हजार. पाच लाखांचा घोळ, आणि त्याला कुणी आधार मागत नाही!

उतरताना मजा वाटली. गोमुखाची धार, जुनी देवळं, खाली जाऊ तसा पाण्याचा उग्र वास. चढताना मात्र प्रत्येक पायरीला गुडघा "कट" म्हणे. बायको वरून हाका मारतेय, मी मोडक्या खांबाचं कोरीवकाम बारकाईनं पाहतोय. तिसऱ्या खांबाशी सहलीतलं एक पोरगं थांबलं.

"आजोबा, हात देऊ का?"

"आजोबा कोनाले म्हंतं रे?" मी खेकसलो आणि पाण्याची बाटली तेवढी त्याच्याकडे दिली. चार पायऱ्या चढल्यावर हातही दिला.