लेझर इतक्यात मोडीत काढू नका
‘आता लेझरची गरज नाही, इंजेक्शन पुरे’ हे मधुमेहींच्या डोळ्याच्या पडद्यावरील (रेटिना) उपचारांविषयीच्या लेखातले वाक्य अर्धेच खरे. मधुमेहाने पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर इंजेक्शनच आधी, मान्य. पण पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर? त्यांची वाढ रोखायला डोळ्यात टोचतात त्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाचा ०.०५ मिलिलिटर डोस (१.२५ मिलिग्रॅम) साधारण महिनाभर टिकतो. पुढच्या तारखा चुकल्या की वाहिन्या पुन्हा वाढू शकतात, डोळ्यात रक्त उतरते, नाहीतर पडदा ओढला जाऊन सुटतो.

गोव्यात सहा-सहा महिने बोटीवर जाणारे तारवटी (खलाशी) कमी का आहेत? त्यांना भरसमुद्रात इंजेक्शन कोण देणार! अशांनी निघण्याआधी लेझर पूर्ण करावे: पडद्यावर लेझरचे १२०० ते १६०० ठिपके, दोन-तीन बैठकांत. कडेची आणि अंधारातली नजर थोडी मंदावते, हे मात्र रात्रपाळीवाल्याला आधीच सांगायला हवे.