फोर्स माज्यूर कुणी शिकवायचं?

इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासांमध्ये आजही ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ घोकून घेतात. मुंबईच्या पावसात अख्खा जुलै काढा, हे वाक्य बोलणारा माणूस भेटणार नाही. माझी तक्रार अशी आहे की जे वाक्प्रचार आपल्या पैशाला आणि घराला हात घालतात, ते कुणीच शिकवत नाही.

लग्नपत्रिकेवर आरएसव्हीपी छापून खाली मामा-काकांची नावं टाकतात. ते मूळ फ्रेंच, ‘कृपया उत्तर कळवा’ एवढंच. तिथे अर्थ नाही कळला तरी काही बिघडत नाही.

पण माझ्या मावशीने भांडुपला फ्लॅट बुक केला. ताबा लांबत गेला. विचारायला गेली तर ऑफिसमधल्या माणसाने करारातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: फोर्स माज्यूर. ‘हे सगळ्यांच्याच करारात असतं, काकू.’ मावशी गप्प घरी आली, कारण त्या दोन शब्दांपुढे काय बोलायचं हेच तिला माहीत नव्हतं.

इंग्रजी कायद्यात इतके फ्रेंच शब्द का? १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथल्या दरबाराची, कोर्टाची भाषा फ्रेंच राहिली. ‘मॉर्गेज’ (गहाण) हा शब्द त्यातलाच. फोर्स माज्यूर मात्र बराच नंतर फ्रेंच कायद्यातून इंग्रजीत आला. आपल्याकडे नाही का, राज्यं बदलली तरी फिर्याद, अर्ज, दस्तऐवज हे फारसी शब्द कचेरीत तसेच राहिले.

फोर्स माज्यूर म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम ६ मध्ये त्याची व्याख्याच आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा दुसरी नैसर्गिक आपत्ती. बिल्डरकडचे पैसे संपले, हे त्यात कुठेही नाही. कोविडमध्ये २०२० साली महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाने, याच आधारावर प्रकल्पांना मुदतवाढ दिली होती, ते समजू शकतं. एरवी ताबा लांबला तर कलम १८ नुसार व्याजासकट पैसे परत मागता येतात, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज.

शेअर बाजारात ‘रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस’चंही तसंच. क्लासमध्ये रेड हेरिंगचा अर्थ ‘दिशाभूल’ असा शिकवतात, आणि आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअर विक्री) भरायला निघालेला माणूस दचकतो. तिथे अर्थ वेगळा: शेअर्सची किंमत किंवा संख्या अजून पक्की न झालेलं माहितीपत्रक. मुखपृष्ठावर लाल शाईत इशारा छापायची पद्धत होती, म्हणून ते नाव.

दहावीच्या पुस्तकात हे का नको? इंग्रजीच्या बाईंनी एक तास करारनामा घेऊन वर्गात बसावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एवढं करा. टोकन देण्याआधी मसुदा मागा आणि महारेराच्या नमुना कराराशी ओळ न् ओळ ताडून बघा. फोर्स माज्यूरचं कलम बिल्डरला मनाला येईल तसं बदलता येत नाही. वाचायला अडत असेल तर मला मेसेज करा, रविवारी सकाळी एकत्र बसून वाचू.